माप बरोबर आहे, रस्ता खाली आहे

मारोतरावांच्या घरी दुकान आणि मुलगी एकाच वर्षी आली, म्हणून दोघांचं नाव एकच पडलं. सोळा वर्षांत ‘अर्पिता किराणा’ होतं तेवढंच राहिलं आणि अर्पिता मात्र पाच फूट नऊ इंच झाली. फाट्यावरून जाणाऱ्या अनोळखी माणसांना पाटी वाचून वाटायचं, पोरगी दुकानाची मालकीण आहे. मालकीण कसली! दावणीला बांधलेली होती ती. गाईला निदान चारा तरी मिळतो. हिला मिळायचं काय, तर “दोन रुपयाचा शाम्पू दे व पोरी, अन् तो फुटका नको देऊ.”

सकाळचं दुकान आई बघायची. दुपारी आई कापूस वेचणाऱ्या बायांसोबत वावरात, आणि दुकानात बाबा. पण या हिवाळ्यात एका आठवड्याआड वावरातली लाईन चार वाजता यायची. लाईन आली की बाबा चप्पल अर्धी पायात, अर्धी हातात अशा अवस्थेत मोटर सुरू करायला पळायचे, कारण हरभरा काही कोणासाठी थांबत नाही. मग चार ते सात गल्ल्यावर कोण? पाटीवर जिचं नाव ती.

आणि नेमकं चार ते सहा शाळेच्या मैदानावर रंजिता मॅडम व्हॉलीबॉल घ्यायच्या.

मागच्या वर्षीपर्यंत अर्पिता वाकून चालायची. वर्गातल्या पोरांनी तिचं नाव ‘टॉवर’ ठेवलं होतं आणि मोबाईलची रेंज गेली की ते तिच्याजवळ येऊन फोन वर धरायचे. मग रंजिता मॅडम आल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी तिला नेटजवळ उभं केलं आणि म्हणाल्या, “उंची लपवायची वस्तू नाही बाळा, वापरायची वस्तू आहे. मार उडी.” अर्पितानं उडी मारली. चेंडू पलीकडच्या तुरीत गेला आणि तेव्हापासून ती ताठ चालायला लागली. आता कोणी टॉवर म्हटलं की ती विचारायची, “किती काड्या आल्या रेंजच्या?”

पुढच्या आठवड्यात शनिवारी अकरा वाजता यवतमाळच्या स्टेडियमवर जिल्हा संघाची निवड होती. मॅडमनं नाव पाठवलं होतं. उरला होता एकच माणूस.

“शनिवारी?” बाबा म्हणाले. “शनिवारी कापसाची गाडी भरा लागते. म्या अन् तुही माय, दोघंबी वावरात. त्यात गावचा बाजार. दुकानात कोण बसंन?”

“बंद ठेवा ना एक दिवस.”

बाबांनी तिच्याकडे असं पाहिलं, जशी काही तिनं सूर्य एक दिवस बंद ठेवायला सांगितला होता.

पण बाबांच्या डोक्यातही काहीतरी शिजत होतं. दिवाळीच्या आधी ते डोळ्याच्या ऑपरेशनला नागपूरला गेले होते. तिथं दवाखान्यात त्यांनी एक मशीन पाहिलं. काचेच्या आत बिस्किटं, चिवडा, पाण्याच्या बाटल्या. पैसे टाका, आकडे दाबा, वस्तू खाली पडते. ऑपरेशन डाव्या डोळ्याचं झालं होतं, तरी उजव्या डोळ्यानं ते अर्धा तास मशीनसमोर उभे होते. घरी आल्यावर लोक विचारायचे, “डोळा कसा हाये?” आणि बाबा सांगायचे, “मशीन लय भारी हाये.”

तसंच एक जुनं मशीन नागपुरात विकायला निघालंय, अशी बातमी बाबुलालनं आणली. बाबुलाल राठोड म्हणजे शेजारच्या तांड्यावरचा, पिकअपवाला, सगळ्या तालुक्याचा माल आणि सगळ्या तालुक्याच्या बातम्या वाहणारा. बाबांनी दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी अर्पिताला बोलावलं.

“पाह्य पोरी. मशीन बाजूच्या भितीतून बसवू. तोंड रस्त्याकडे, पाठ दुकानात. आतून माल भरला का झालं. दुकानाले कुलूप लावलं तरी गिऱ्हाईक बाहेरून घेऊन राह्यलं. ज्या दिवशी मशीन माणसाबिगर चाललं, त्या दिवशी तू मोकळी. शनिवारी यवतमाळले जाय, रविवारी अमेरिकेले जाय.”

“शब्द?”

“मारोतरावचा शब्द हाये.”

मग काय! अर्पिता त्या रात्री उशीला सर्व्हिस मारत झोपली.

रविवारी सकाळी पिकअप आली. मशीन गोधड्यांत गुंडाळून, दोरानं आवळून, आडवं निजवलं होतं. दवाखान्यातून येताना ते स्वतःच पेशंट झाल्यासारखं दिसत होतं. दुकानाला पुढून पाच पायऱ्या. आधी पावसाळ्यात रस्त्याचं पाणी थेट साखरेच्या पोत्याला भेटायला यायचं, म्हणून बाबांनी मुरूम भरून भरून दुकानाचं जोतं साडेतीन फूट वर नेलं होतं. त्या पाच पायऱ्या आठ माणसांनी मशीन चढवलं. तिसऱ्या पायरीवर बाबुलालचा अंगठा अडकला.

“याडीये!” तो तांड्याच्या बोलीत आईच्या नावानं ओरडला. “मारोतराव, बिस्किटं याच्यात आधीच भरून आणली का काय?”

आत उकंडा मिस्त्री तयारच होता. उकंडाकाकांची गोष्टच वेगळी. मिशी ओळंब्यासारखी सरळ, आणि आजूबाजूच्या दहा गावांतल्या निम्म्या खिडक्या त्यांच्या हातच्या. त्यांचं एक तत्त्व होतं: माप नेहमी आतून घ्यायचं. “खिडकी कोणासाठी असते?” ते विचारायचे आणि उत्तराची वाट न बघता सांगायचे, “आतल्या माणसासाठी. तो बसंन, तो पाहीन. बाहेरच्याचा काय संबंध?”

त्यांनी मशीन आतून भिंतीला टेकवून उभं केलं, चहूबाजूंनी खडूनं रेघ मारली आणि मग म्हणाले, “गिऱ्हाईक पाह्यजे.”

“अर्पे, ये इकडे,” बाबा म्हणाले. “गिऱ्हाईक हो.”

अर्पिता गिऱ्हाईक झाली. मशीनसमोर उभी राहिली, हात पुढे केला. आकड्यांची बटणं बरोबर छातीशी आली.

“वाकाचं काम नाई, ताणाचं काम नाई,” उकंडाकाका म्हणाले. “एकदम मापात.”

“एकदम मापात,” बाबा म्हणाले.

“मस्त ना!” अर्पिता म्हणाली. हे ती नंतर कोणाला सांगत नसे.

दुपारपर्यंत वीट पडली, वर लोखंडी पट्टी बसली, मशीन भगदाडात सरकलं. चारही बाजूंनी सिमेंट भरून, थापीनं चोपून, उकंडाकाकांनी कोपऱ्यात बोटानं आपलं ‘उ’ काढलं. बाबुलालनं प्लग लावला. मशीन गुरगुरलं आणि आतल्या आत लाईट लागला.

“दोन आकडे पाच सेकंदांच्या आत दाबा लागते,” बाबुलालनं समजावून सांगितलं. “चवदा म्हणजे आधी एक, मंग चार. उशीर झाला का मशीन पैसे वापस फेकते. लाजरं हाये थोडं.”

सगळे दुकानात उभे राहून मशीनच्या पाठीचं कौतुक करत होते. मग आई हळदकुंकवाचं ताट घेऊन निघाली, बाबा नारळ घेऊन निघाले, आणि अख्खी वरात पाच पायऱ्या उतरून, कोपरा वळून, बाजूच्या भिंतीकडे आली.

आईनं करंगळीशेजारच्या बोटावर कुंकू घेतलं. हात वर केला. आणखी वर केला. टाचा उचलल्या. कुंकू मशीनच्या माथ्याचं राहू द्या, बटणांनासुद्धा पोचेना.

सगळ्यांनी माना वर केल्या. मशीन वरती लखलखत होतं. बिस्किटं, चिवडा, बाटल्या, सगळं नीट दिसत होतं, आणि आकड्यांची बटणं जमिनीपासून पावणेआठ फुटांवर होती. मशीन ठेवलं होतं दुकानाच्या जमिनीवर, आणि गिऱ्हाईक उभं राहणार होतं रस्त्यावर. मधले साडेतीन फूट कोणाच्याच हिशोबात नव्हते.

पहिलं तोंड उघडलं ते मथुराबाईंनी. मथुराबाई म्हणजे फाट्यावरची सगळ्यात बुटकी आणि सगळ्यात स्पष्ट म्हातारी. क्रीमच्या बिस्किटांशिवाय त्यांची संध्याकाळ होत नसे. त्यांनी कमरेवर हात ठेवून वर पाहिलं.

“मारोती, हे इकाले लावलं का पाखरांपासून लपवाले?”

बाबांचा चेहरा नारळासारखा झाला. ते हळूच वळले. “उकंडा.”

“काय?”

“हे काय हाये?”

उकंडाकाकांनी मशीन पाहिलं, रस्ता पाहिला, पुन्हा मशीन पाहिलं. मिशी एक सूतसुद्धा हलली नाही.

“माप बरोबर हाये,” ते म्हणाले. “रस्ता खाली हाये.”

“रस्ता खाली हाये?”

“मंग? आत जाऊन पाह्य. पोरीच्या छातीले बटन लागते का नाई? तुह्यासमोर घेतलं माप. आता सरकारनं रस्ता खाली ठेवला त्याले मी काय करू?”

“अबे पण गिऱ्हाईक काय दुकानात उभं राहून मशीनच्या ढुंगणातून बिस्कीट काढंन?”

“मिस्त्रीले ढुंगण नको सांगू. मी तीस वर्षं भिती पाडून राह्यलो.”

“पाडूनच राह्यला!”

झालं. उकंडाकाकांनी ओळंबा गुंडाळला, थापी पुसली, डोक्यावरचा रुमाल झटकला आणि चहा न घेताच गेले. चहा न घेता मिस्त्री जाणं म्हणजे काय, हे फाट्यावर सगळ्यांना कळतं. नारळ तसाच राहिला. बाबांनी जाहीर केलं, “तो येऊन ‘चुकलं’ म्हणत नाई तवरिक दुसरा मिस्त्री नाई अन् ओटा नाई.” संध्याकाळपर्यंत निरोप आला की उकंडाकाकाही म्हणतात, मारोतराव येऊन ‘माप बरोबर हाये’ म्हणत नाही तोवर थापीला हात नाही.

आणि मध्ये कोण? पाटीवर जिचं नाव ती.

सोमवारी चार वाजता पहिलं गिऱ्हाईक मशीनपुढं आलं. पुष्पाकाकू. त्यांना कुरकुरे हवे होते, सात नंबर, म्हणजे शून्य आणि सात. त्यांनी मोबाईल डोक्यावर धरून पैसे भरले, ते कसंबसं जमलं. पण बटणं? त्यांनी घरून स्टूल आणलं. भिंतीच्या कडेनं नाली, नालीच्या कडेला उतार. स्टूल एका बाजूला, पुष्पाकाकू दुसऱ्या बाजूला, आणि कुरकुरे वरती जिथल्या तिथं, काचेआड, त्यांच्याकडे बघत. पाच सेकंद संपले. मशीननं लाजून पैसे परत केले.

“अर्पिता! ये व माय, तू उंच हायेस,” पुष्पाकाकू नालीतून म्हणाल्या.

अर्पिता दुकानातून पाच पायऱ्या उतरली, कोपरा वळली, दोन पावलं मागं गेली आणि उडाली. शून्य. खाली आली, पुन्हा उडाली. सात. कुरकुरे धपकन पडले.

टाळ्या वाजल्या. तिथंच तिचं चुकलं. कारण मंगळवारपर्यंत सगळ्या फाट्याला कळलं की मशीन चालतं, फक्त त्याला एक पोरगी जोडावी लागते. आधी लोक दुकानात येऊन हातानं बिस्कीट घेऊन जायचे. आता तेच लोक रस्त्यावर उभे राहायचे, कारण उडी बघायला मिळायची! कॉलेजची पोरं तर मुद्दाम दोन-दोनदा घ्यायची. त्यांच्यासाठी अर्पितानं नियम केला: पोरं असली की स्वतः उडायचं. पोरं उडायची, ‘एक’ दाबायला जायची आणि ‘नऊ’ला थापड मारून खाली यायची, आणि नव्वदच्या घरात मशीनमध्ये काहीच नव्हतं. बघणाऱ्या बायांची हसून पुरेवाट व्हायची.

मथुराबाई रोज पाचला यायच्या. “चवदा,” एवढंच म्हणायच्या आणि मान वर करून उभ्या राहायच्या, देवळात आरती सुरू होण्याची वाट बघतात तशा. एक. चार. धप्. मथुराबाई खालच्या झाकणातून पुडा काढायच्या, दात नसलेल्या तोंडानं हसायच्या आणि म्हणायच्या, “आज मस्त उडाली.”

अख्ख्या फाट्यात एकच माणूस मशीनवर खूश होता, आणि तो फाट्यावरचा नव्हताच. बुधवारी यवतमाळकडे जाणारी एसटी भिंतीजवळ थांबली आणि डाव्या खिडकीतल्या एका पाहुण्यानं बसल्या जागेवरून हात काढून आरामात पाण्याची बाटली घेतली. ही बातमी बाबुलालमार्फत उकंडाकाकांकडे पोचली आणि उत्तरही बाबुलालच घेऊन आला: “उकंडा म्हणते, पाह्यलं? माप बरोबर हाये.”

बाबांनी हातातलं माप जमिनीवर आपटलं. चुरमुऱ्यांचं होतं, लागलं कोणाला नाही.

गुरुवारी रंजिता मॅडमचा फोन आला. “अर्पिता, चार दिवस सराव नाही. शनिवारी येणार आहेस की नाही? नसशील तर आत्ताच सांग, मी दुसऱ्या मुलीचं नाव देते.”

“येणार मॅडम.”

“बाबांनी हो म्हटलं?”

अर्पितानं बाहेर पाहिलं. सात माणसं उभी होती. “म्हणतील मॅडम,” ती म्हणाली.

जेवताना तिनं विषय काढला. बाबांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि भाकरीलाच सांगितलं, “मी काय म्हणलतो? मशीन माणसाबिगर चाललं त तू मोकळी. चालते का माणसाबिगर?”

“नाई.”

“मंग. कोणाच्या चुकीनं नाई चालत? उकंड्याच्या. त्याले सांग.”

आईनं वरणाची वाटी जरा जोरातच ठेवली. “तुमी दोघं म्हातारे बसा रुसून. पोरगी तिकडे बेडकावानी उडून राह्यली. मी एक दिवस वावरात जाणार नाई, मी बसतो दुकानात.”

“अन् बाया? कापूस कोण मोजून घेईन?”

आईनं भाकरीची टोपली उचलली आणि चुलीकडे गेली. रात्री ती छताकडे बघत पडली आणि पहिल्यांदाच तिला वाटलं की नाही होणार. खरंच नाही होणार. दुसऱ्या मुलीचं नाव जाईल, ती मुलगी पाच फूट चार इंच असेल आणि तिच्या घरी किराणा दुकान नसेल. डोळे भरून आले तसे तिनं उशीत तोंड खुपसलं. मग मान उचलून पाहिलं, तर खिडकीतून दुकानाची बाजूची भिंत दिसत होती. मशीनचा लाईट चालू होता. खाली रस्ता अंधारात होता. वर बिस्किटं, खाली रस्ता. रस्ता खाली.

रस्ता खाली हाये.

ती उठून बसली. आणि एकटीच हसायला लागली.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर ती दुकानाऐवजी थेट उकंडाकाकांच्या अंगणात गेली. काका बाजेवर बसून थापी घासत होते. थापी आधीच आरशासारखी लखलखीत होती. चार दिवस तेवढंच काम चाललं असावं.

“बापानं पाठवलं?” त्यांनी वर न बघता विचारलं.

“नाई काका. मी आपल्या मनानं आली.”

“माफी मागाले सांगत असशीन त वापस जाय.”

“माफी कायची? माप बरोबर हाये.”

थापी थांबली.

“मीच त होती गिऱ्हाईक,” अर्पिता म्हणाली. “माह्या छातीले बटन बरोबर लागलं. वाकाचं काम नाई, ताणाचं काम नाई. तुमी म्हणता तेच खरं हाये काका. रस्ता खाली हाये.”

उकंडाकाकांनी आता वर पाहिलं. चार दिवसांत हे वाक्य त्यांनी सगळ्यांना ऐकवलं होतं, पण त्यांना कोणी परत ऐकवलं नव्हतं. “हाये ना?” ते हळू आवाजात म्हणाले.

“हायेच. साडेतीन फूट खाली हाये. म्हणून म्हणलं, तुमाले इचारून पाहू. रस्ता वर करता येते का?”

“रस्ता?”

“पूर्ण नाई. मशीनसमोरचाच. चार फूट बाय तीन फूट. तेवढाच रस्ता वर घेतला का मंग माप आपोआप जमते. मशीनले हात लावाचा नाई, भितीले हात लावाचा नाई. तुमचं काम जसंच्या तसं.”

काकांच्या मिशीचं एक टोक वर गेलं.

“त्याले ओटा म्हणतात, पोरी.”

“आमी रस्ता म्हणू.”

“पायऱ्या लागतीन.”

“रस्त्याले चढ असतेच ना काका.”

उकंडाकाका बाजेवरून उठले. “सिमेंटचं आज केलं त उद्या पाय ठेवता येत नाई. पाणी मारा लागते आठ दिवस. पण दगड रचून, मुरूम टाकून, धुम्मसनं ठोकला त अंधाराच्या आत होईन. नालीवर फरशी टाकू, पाणी खालून जाईन.” ते चप्पल शोधायला लागले. “बाबुल्याले फोन लाव. दगड माह्या घरामागं पडले हायेत. अन् तुह्या बापाले सांगजो, उकंडा ओटा बांधाले नाई आला. रस्ता दुरुस्त कराले आला.”

साडेपाचला बाबा मोटर सुरू करून वावरातून एक चक्कर मारायला आले, तर बाजूच्या भिंतीशी गर्दी. बाबुलाल दगड उतरवत होता, काका रचत होते, अर्पिता धुम्मस घेऊन मुरूम ठोकत होती आणि पुष्पाकाकू सुरक्षित अंतरावरून सूचना देत होत्या.

“हे काय चालू हाये?” बाबांनी विचारलं.

“रस्ता खाली होता,” उकंडाकाका दगडाला बोलले. “वर घेऊन राह्यलो.”

अर्पितानं धुम्मस थांबवली आणि बाबांकडे पाहिलं. असं पाहिलं, की बाबांनी उघडलेलं तोंड पुन्हा मिटलं. त्यांनी मशीनकडे पाहिलं, दगडांकडे पाहिलं, लेकीच्या मुरूम लागलेल्या हातांकडे पाहिलं. दोन-तीनदा खाकरले.

“हाव,” ते शेवटी म्हणाले. “खालीच होता म्हणा रस्ता. पहिल्यापासूनच.” आणि आत वळून, वावरातून नुकत्याच आलेल्या आईला ओरडून म्हणाले, “विमल! चहा ठेव. साखर जास्त. मिस्त्री आला हाये.”

दिवे लागायच्या आत पाच पायऱ्या आणि वर चार फूट सपाट ‘रस्ता’ तयार झाला. पाच दिवस ताटकळलेला नारळ फुटला. आईचा हात आता आरामात पोचला. तिनं मशीनला कुंकू लावलं, मग उकंडाकाकांना लावलं, आणि काका तेव्हाच जरा लाजले.

“पण माणसाबिगर चालते का, ते पाहा लागते,” बाबा म्हणाले. शब्द तो शब्द. “अर्पे, तू दूर हो. मथुराबाई, चढा.”

मथुराबाई एकेक पायरी मोजत चढल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्या सगळ्यांपेक्षा उंच दिसत होत्या आणि ते त्यांना आवडलेलंही दिसत होतं. त्यांनी नाणं टाकलं. ‘एक’ दाबला. मग ‘चार’ शोधायला लागल्या. वरून शोधला, खालून शोधला, चष्मा काढून पुसला. मशीननं नाणं परत फेकलं.

“अवं, वापस काहून देते हे? मी काय खोटं नाणं टाकलं?”

“पाच सेकंद आजी, पाच सेकंद!”

दुसऱ्यांदा ‘चार’ आधी दाबला गेला, तो नंबर सुया-दोऱ्याचा निघाला आणि रिकामा होता. अर्पिताच्या पायांना नुसत्या मुंग्या आल्या होत्या, उडायला शिवशिवत होते ते. पण बाबांनी तिचा दंड धरून ठेवला होता. तिसऱ्यांदा मथुराबाईंनी डावं बोट ‘एक’वर आणि उजवं ‘चार’वर आधीच नेऊन ठेवलं, डोळे मिटले आणि दोन्ही हातांनी हाणलं. डावं, उजवं.

धप्.

“पडलं व माय!” मथुराबाई वरून ओरडल्या. “म्या पाडलं! कोणी नाई उडालं, म्या पाडलं!”

बाबांनी अर्पिताचा दंड सोडला. “जाय,” ते म्हणाले. “पण अमेरिकेले नको जाऊ. संध्याकाळी वापस ये.”

सकाळच्या एसटीत तिला डावी खिडकी मिळाली. गाडी भिंतीजवळ थांबली होती आणि मथुराबाई सकाळी सकाळीच वर चढून उभ्या होत्या. एका संध्याकाळच्या यशानं त्यांची वेळच बदलली होती. पण आज हातात पिशवी होती, त्यामुळं बोट एकच मोकळं. ‘एक’ दाबून त्या विचारात पडल्या.

“चार, आजी!” अर्पिता खिडकीतून ओरडली. “खाली, एकच्या खाली!”

“कोण्या एकच्या?”

“चार!” मागच्या सीटवरचा माणूस ओरडला. “चार!” कंडक्टर ओरडला. सगळी एसटी ओरडली, “चार! चार!” गाडी हलली, मथुराबाईंचं बोट हललं, आणि धप् झालं की नाही हे ऐकू यायच्या आत फाटा मागं गेला.

स्टेडियमवर ऐंशी मुली होत्या. वणीच्या मुली एकसारख्या निळ्या टीशर्टमध्ये, चकाचक बुटांत. अर्पिताच्या बुटांना अजून मुरूम लागलेला होता. रंजिता मॅडमनी तिला पाहिलं आणि नुसती मान डोलवली, पण त्यांच्या कपाळावरची आठी गेली नव्हती. पाच दिवस सराव नाही म्हणजे पाच दिवस सराव नाही.

पहिलीच चाचणी उडीची. भिंतीवर रंगानं फुटा-इंचाच्या खुणा काढलेल्या. बोटांना खडू लावायचा, जागेवरून उडायचं, जितकं वर जमेल तिथं थाप मारायची. निवड करणारे सर खुर्ची टाकून, वही घेऊन बसले होते.

“पुढची. अर्पिता.”

अर्पिता भिंतीसमोर उभी राहिली. वर पाहिलं. भिंत. खुणा. आकडे. आणि तिला कळलं की तिच्या पायांना ही जागा माहीत आहे. आठवडाभर त्यांनी दुसरं केलंच काय होतं? सोमवारपासून किती झाल्या असतील? तिनं कधी मोजल्या नव्हत्या.

ती उडाली. खडूचा ठसा इतका वर उमटला की सरांनी चष्मा वर केला. वणीच्या मुली बोलायच्या थांबल्या. आणि खाली आल्या आल्या, कोणी काही म्हणायच्या आत, अर्पिता पुन्हा उडाली आणि पहिल्या ठशाच्या दोन बोटं खाली दुसरा ठसा मारून उतरली. एवढ्यावर ती थांबली असती तरी चाललं असतं. पण तिचा हात आपसूक पुढे गेला आणि भिंतीवर चाचपडायला लागला, झाकण शोधायला.

“पोरी,” सर म्हणाले, “उडी एकच मारायची होती.”

“हो सर.”

“दुसरी कशाला मारली?”

“चार, सर,” अर्पिता म्हणाली. तिचा हात अजून भिंतीवरच होता.

सरांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडम दुसरीकडे बघत होत्या, ओढणीचं टोक तोंडावर धरून. सरांनी पुन्हा ठशांकडे पाहिलं, वहीत काहीतरी लिहिलं, त्याखाली दोनदा रेघ मारली.

“आणि आता काय शोधते आहेस तिथं?”

अर्पितानं हात काढून घेतला. मग ताठ उभी राहिली, पूर्ण पाच फूट नऊ इंच, आणि खरं तेच सांगितलं.

“बिस्कीट, सर. पण असू द्या. आज कोणी मागितलंच नव्हतं.”